पेई-रोंगचं हिरवं पाकीट

लियाओ पेई-रोंगचं नाव यादीत लागलं आणि साहेबांनी सगळ्या ऑफिसला थंड चहा पाजला. चुआंगला तो कडू लागला.

यादी जगभरच्या लोकांची होती. एक मोठं काम शेकडो कॉम्प्युटरांना वाटून देणारा एक प्रोग्राम होता, फुकट आणि सर्वांना खुला. कुणीही सुधारणा पाठवावी. स्वीकारली गेली की नाव यादीत. शिन्चू शहरातल्या या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्यावरच चालत. चुआंगची इथे बावीस वर्षं झाली होती. पेई-रोंगची तीन.

"चुआंगदादा, तुम्ही पण पाठवा ना काहीतरी," ती म्हणाली. "नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात."

नवख्यांसाठी! चुआंगने त्याच दुपारी एक काम मागून घेतलं, प्रोग्रामचं 'सुरुवात कशी करावी' हे पान उघडलं आणि घाईघाईने कामाला लागला. केलेल्या कामाची चाचणी तीनदा नापास झाली.

मग त्याची नजर आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिरव्या पाकिटाकडे गेली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ऑफिसात प्रत्येकाने खाऊचं असं पाकीट ठेवलेलं असे. ते फोडायचं नाही आणि त्याची तारीख उलटू द्यायची नाही. चुआंगच्या पाकिटाची तारीख मार्चमध्येच उलटली होती. पेई-रोंगचं कोरं करकरीत होतं.

"तरीच!" तो पुटपुटला.

ती जागेवरून उठताच त्याने पाकिटं बदलली. मग पान पुन्हा नीट वाचलं. 'प्रोग्रामला कॉम्प्युटर जोडा' ही पायरी राहिली होती. ती केली, आणि चाचणी धडाक्यात सुरू झाली.

तेवढ्यात पेई-रोंगचा कॉम्प्युटर अडकला. मग शेजारचा. मग साहेबांचा, ऐन गिऱ्हाइकाशी बोलताना.

"कुणी काय केलंय?" साहेब ओरडत बाहेर आले.

चुआंग उभा राहिला. "साहेब, मी... मी हिचं पाकीट चोरलं."

"दादा, या वयात?" मागून कुणीतरी म्हणालं.

पेई-रोंग त्याच्या पडद्यावर वाकली. "पाकिटाचं नाही हो हे! तुमच्या चाचणीनं अख्खं ऑफिस कामाला जुंपलंय. आधी आपला कॉम्प्युटर बाकीच्यांपासून वेगळा करायचा असतो."

"पानावर कुठे लिहिलंय तसं?" चुआंगने विचारलं.

"असणारच." तिने पान वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे कान लाल झाले.

"कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे पान?" साहेबांनी विचारलं.

"मी," ती हळूच म्हणाली. त्या पानामुळेच तर तिचं नाव यादीत लागलं होतं.

चुआंगने तिचं पाकीट परत केलं आणि स्वतःसाठी नवं आणलं. हातातलं काम सोडून त्याने त्या पानासाठी एकच ओळ लिहून पाठवली: 'आधी आपला कॉम्प्युटर वेगळा करा, नाहीतर ऑफिस बंद पडेल.' तिसऱ्या दिवशी ती स्वीकारली गेली. वर शेरा होता, 'फार उपयोगी.' साहेबांनी पुन्हा चहा मागवला. चुआंग दोन पेले प्यायला. पेई-रोंगने घेतला नाही, तिचं डोकं दुखत होतं.

"अगं, तू पण पाठव ना आणखी काहीतरी," चुआंग म्हणाला. "नवख्यांसाठी सोपी कामं असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुआंगच्या कॉम्प्युटरवर पाकीट नव्हतं. पेई-रोंगच्या कॉम्प्युटरवर दोन होती.