हनुवटी जरा खाली

"नऊ वर्षं मी या लोकांची पाखरं छापतोय," काकांनी काउंटरवर हात आपटला, "यंदा माझं पाखरू भिंतीवर लागणार म्हणजे लागणार!"

"आधी ते कॅमेऱ्यात तरी येऊ द्या," काकू मान वर न करता म्हणाल्या. त्या पासपोर्टचे फोटो कापत होत्या. एका कागदावर आठ चेहरे असतात आणि कापताना नजर हलली की कुणाचा तरी कान जातो.

काकांचा फोटो स्टुडिओ वाचनालयाच्या समोरच होता. पासपोर्ट, लायसन्स, ओळखपत्र, एवढंच काम. गोल स्टूल, मागे पांढरा पडदा आणि काकांची ठरलेली चार वाक्यं. रस्त्यापलीकडच्या ग्रंथपालबाई दर वसंतात चार रविवार माणसं गोळा करून नदीकाठच्या रानात पक्षी बघायला नेत आणि शेवटी वाचनालयाच्या सभागृहात त्या फोटोंचं प्रदर्शन भरवत. फोटो छापायचे काकांनी, फ्रेमा करायच्या काकांनी, खिळे ठोकायचे तेही काकांनीच. उद्घाटनाच्या दिवशी लोक येत, पक्षी बघत आणि जाताना काकांना म्हणत, "फ्रेम झकास झालीय हं!"

एकतीस वर्षांत काकांनी निम्म्या गावाचे चेहरे टिपले होते, पण पासपोर्टचा फोटो भिंतीवर कोण लावतो? लोक तो पाकिटात कोंबतात आणि कुणी बघितलाच तर "तेव्हा जरा आजारी होतो" म्हणून सांगतात. आपण काढलेला एकही फोटो कुठल्याच भिंतीवर नाही, हे काकांना लागायचं. खूप लागायचं. म्हणून यंदा त्यांनी बाईंच्या यादीत आपलं नाव घातलं. नियम साधा होता: माणशी एक फोटो, याच चार रविवारांतला, आणि पक्षी त्याच्या नैसर्गिक जागी हवा. फोटो पास करायला परगावचे एक परीक्षक यायचे.

पहिल्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं. ओढ्याकाठी एक धोबी पक्षी शेपटी नाचवत दगडावर उभा राहिला. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हनुवटी जरा खाली! मान सरळ! इकडे बघा! हलू नका!"

धोबी उडाला. त्याच्यामागे पलीकडचे तीन बगळे उडाले. त्या बगळ्यांच्या दिशेने दातांचे डॉक्टर पाऊण तास कोपरांवर सरकत चालले होते. ते चिखलातून उठले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीतल्या पेशंटसारखा झाला होता.

"अहो, हे काय?" ग्रंथपालबाई दबक्या आवाजात ओरडल्या. त्यांच्या गळ्यात पक्ष्यांचे आवाज टिपायचं एक छोटं मशीन असे. "चार वर्षं मी या सुतारपक्ष्याच्या हाकेसाठी जीव टाकतेय. आता कुठे त्याने तोंड उघडलं, तर मशीनमध्ये काय आलं? हनुवटी खाली!"

"तोंडातून आपोआप गेलं हो," काका ओशाळून म्हणाले.

आपोआप म्हणजे किती आपोआप, ते घरी कळलं. काकूंनी ओट्यावर साखरेची बरणी ठेवली आणि म्हणाल्या, "हिचा काढा. न बोलता." काकांनी बरणीवर नेम धरला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. कपाळावर घाम आला, पण बोट काही खाली जाईना. शेवटी ते पुटपुटले, "हलू नका," आणि लगेच खट्ट झालं.

"अगं, जीभ हलल्याशिवाय बोटच चालत नाही!"

"मग जिभेला काम देऊ," काकू म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून त्याही फेरीला जाऊ लागल्या.

दुसऱ्या रविवारी निघताना ऊन होतं, नदीवर पोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली. काकूंनी काकांच्या तोंडात एक मोठी लिंबाची गोळी घातली. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता, निळाशार, अगदी हाताच्या अंतरावर. काकांनी नेम धरला. गोळीने एक गाल फुगला होता, तरी जीभ सवयीला जागली. "हऊअटी" एवढं म्हणेपर्यंत गोळी बंदुकीतून सुटावी तशी सुटली आणि पाण्यात पडली. खंड्याला वाटलं मासा. त्याने सूर मारला, भलतंच काहीतरी चोचीत घेऊन वर आला आणि वैतागून ते भिरकावून दिलं.

पाणी उडतंय, पंख पसरलेत, चोच उघडी आहे, असा फोटो डॉक्टरांना सात वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी येऊन काकांचा हात हातात घेतला. "तुमचे उपकार विसरणार नाही," ते म्हणाले. काकांच्या जखमेवर मीठच ते.

तिसऱ्या रविवारी काकूंनी बंदोबस्त पक्का केला. काकांच्या तोंडावरून लोकरी मफलर तीन वेढे घेऊन मागे गाठ मारली. गेल्या खेपेचा पाऊस लक्षात ठेवून, पहाटेच्या अंधारात हाताला लागली ती छत्रीही उचलली. पण त्या दिवशी ऊन असं तापलं की नऊ वाजता काका मफलरच्या आत शिजले. त्यांच्या वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटली आणि समोरचा पोपट आहे की पान आहे, हे कळेना. त्यांनी वैतागून गाठ सोडली आणि नेमक्या त्याच क्षणी गारा सुरू झाल्या.

"छत्री!" काका ओरडले.

काकूंनी खटका दाबला. उघडली ती स्टुडिओतली, दिव्यापुढे लावायची पांढरीशुभ्र छत्री. हिरव्यागार रानात ती एवढी उठून दिसली की झुडपात उरलीसुरली होती ती सगळी पाखरं एका दमात पसार झाली. शिवाय त्या तलम कापडाने गार अडत नव्हती, फक्त वितळून गळत होती.

"तुम्ही इथे पडदा आणि स्टूल पण आणणार का?" डॉक्टरांनी झाडाखालून विचारलं.

बाईंच्या मशीनमध्ये त्या दिवशी गारा आल्या आणि गारांवर काकांचं 'छत्री!' आलं. त्यांनी निकाल दिला, "पुढच्या रविवारी शेवटची फेरी. तुम्ही सगळ्यांच्या शंभर पावलं मागून यायचं. आणि मी मशीन गळ्यात ठेवणारच नाही. आधी जाऊन दूर कुठेतरी झाडाला अडकवीन, तुमचा आवाज पोचणार नाही असं."

"येईन," काका म्हणाले, "शंभर काय, दोनशे पावलांवरून येईन. पण येणार."

चौथ्या रविवारी धुकं पडलं. वसंत सरत आला असताना पडायला नको इतकं दाट. पुढची माणसं दहा मिनिटांत दिसेनाशी झाली. काका-काकू एकमेकांचा हात धरून, ठेचकाळत चालत राहिले. बूट ओले, कॅमेरा ओला. मागे फिरू या, असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

एका वठलेल्या झाडापाशी काकू थबकल्या. डोळ्यांच्या उंचीवर, तुटक्या फांदीच्या टोकाला, मुठीएवढा पिंगळा बसला होता. मागे झाडी नाही, आभाळ नाही, नुसतं पांढरं धुकं. पण त्याची पाठ यांच्याकडे होती.

काकांनी कॅमेरा उचलला. काकूंचा हात सवयीने त्यांच्या तोंडाशी गेला. काका डोळ्यांनीच विनवत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"बोला," त्या म्हणाल्या. "शेवटचा रविवार आहे."

"इकडे बघा," काका हलकेच म्हणाले.

पिंगळ्याने मान फिरवली. मग पाय उचलून अख्खाच फिरला आणि समोर तोंड करून बसला. दोन पिवळे डोळे, एका रेषेत.

"हनुवटी जरा खाली."

पिंगळ्याने मान खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. पिंगळे माणूस दिसला की असं करतातच. पण काकांना वाटलं, एकतीस वर्षांत इतकं ऐकणारं गिऱ्हाईक आपल्याला मिळालं नाही.

"मान सरळ. हलू नका."

तो हलला नाही. खट्ट झालं. काकांनी सवयीने "झालं, उठा," म्हटलं, तेव्हा पिंगळा चिरकत उडून गेला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि धुक्याने पाणी आलं म्हणाल्या.

परीक्षक शनिवारी आले. त्यांनी काकांचा फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. पांढरी पार्श्वभूमी, सरळ खांदे, दोन्ही डोळे कॅमेऱ्यात.

"हा पाळलेला आहे," ते म्हणाले. "स्टुडिओत स्टुलावर बसवून काढलाय. नापास."

"अहो, धुकं होतं मागे!" काका म्हणाले.

"धुकं इतकं सारखं पसरत नाही."

"मी होते ना तिथे," काकू पुढे झाल्या.

"बाई, घरच्या माणसाची साक्ष काय धरायची?" परीक्षक म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "यांच्याकडे रानात काही सामान असायचं?"

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "एकदा पांढरी छत्री होती," ते चाचरत म्हणाले.

काका भिंतीकडे वळले. खिशातून खिळे काढून त्यांनी डॉक्टरांचा खंड्या भिंतीवर लावला, सरळ आहे ना ते चार पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि पुढची फ्रेम उचलली. काकूंना ते बघवेना. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ग्रंथपालबाई लगबगीने आल्या. हातात मशीन, चेहरा लालबुंद. "सगळे इकडे या," त्या म्हणाल्या. "मी सुतारपक्षी शोधत रविवारचं सगळं ऐकत होते. मशीन मी त्या वठलेल्या झाडाला अडकवलं होतं, यांचा आवाज नको म्हणून. ऐका!"

बटण दाबलं. धुक्याचे थेंब पानांवर टपटपत होते. लांबून सुतारपक्ष्याची हाक आली, स्वच्छ, चार वर्षांनी. आणि मग काकूंचा आवाज, "बोला. शेवटचा रविवार आहे." त्यामागून काका, इकडे बघा, हनुवटी जरा खाली, मान सरळ, हलू नका. खट्ट. झालं, उठा. आणि पिंगळ्याचं चिरकणं, पंखांची फडफड.

परीक्षकांनी ते तीनदा ऐकलं. मग स्वतःच खिळा मागितला.

उद्घाटनाला सभागृह भरलं. पिंगळा मधल्या भिंतीवर होता आणि त्याच्याखाली बाईंनी ते मशीन ठेवलं होतं, लोकांनी बटण दाबून ऐकावं म्हणून. काका कॅमेरा गळ्यात अडकवून दाराशी उभे होते. एकतीस वर्षांनी आपलं काहीतरी भिंतीवर लागलं, तर जवळ जायचाही त्यांना धीर होत नव्हता. कुणीतरी बटण दाबलं आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"इकडे बघा! हनुवटी जरा खाली!"

वाणी, शिंपी, शाळेतल्या बाई, पोस्टमन, साठ-सत्तर माणसं होती तिथल्या तिथे थांबली. पाठी ताठ झाल्या. हनुवट्या खाली आल्या. डॉक्टरांनी तर चष्माही काढून हातात घेतला. परगावचे परीक्षक तेवढे एकटे, या लोकांना काय झालं म्हणून इकडेतिकडे बघत राहिले.

"अहो," काकू कुजबुजल्या, "बघताय काय? काढा की!"

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्याऐवजी मशीनच बोलत होतं.

"मान सरळ! हलू नका!"

बोट आपसूक खाली गेलं.