सतरा नंबरची लेक

कामावर सगळे त्याला ‘काटा’ म्हणत आणि तो ते कौतुक समजे. माकडांच्या त्या केंद्रात तो वीस वर्षं तपासणीचं काम करत होता. या वीस वर्षांत आपल्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही, हे तो विचारलं तर सांगे आणि नाही विचारलं तर आधीच सांगे. त्याच्या नळ्यांचा ट्रे वरून पाहावा. प्रत्येक झाकणावर बारीक, गोल अक्षरात नंबर. जंगलातल्या माकडांचा हिरव्या शाईत, पिंजऱ्यातल्यांचा निळ्या. इतर लोक नंबर नळीच्या अंगावर लिहीत. “गबाळेपणा,” काटा म्हणे. “नळी ट्रेमध्ये बसली की दिसतो का तो?”

या खेपेचं काम मोठं होतं. पिंजऱ्यांतली तीस माकडं आणि कुंपणापलीकडच्या जंगलातली तीस, यांची रोगाशी लढणारी जनुकं ताडून पाहायची. पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरातच सोयरिकी होतात. सगळ्यांची जनुकं एकसारखी झाली तर एकच साथ सगळ्यांना घेऊन जाईल, अशी केंद्र चालवणाऱ्या मॅडमना धास्ती होती. पिंजऱ्यातल्यांचं रक्त घेतलं. जंगलातली माकडं काही हात पुढे करत नाहीत, म्हणून झाडांखालून त्यांची विष्ठा गोळा केली. काट्याच्या नळ्यांत पोचेपर्यंत दोन्हींचं सारखंच पाणी झालं होतं.

बुधवारी दुपारी निकाल आला आणि काटा खुर्चीतून उठला. या जनुकांचे प्रत्येक जिवाकडे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. जंगलातल्या सतरा नंबरचा एक संच पिंजऱ्यातल्या मावशीच्या संचाशी तंतोतंत जुळत होता. मावशी म्हणजे केंद्रातली सगळ्यांत म्हातारी माकडीण. अकरा वर्षांपूर्वी पिंजरा धुताना तिची वर्षाची लेक निसटून जंगलात गेली होती. त्या दिवशी कडी लावायला विसरले ते पिंजऱ्यांवरचे काका. लोक ते विसरले. काका अजून सुट्टीच्या दिवशी कुंपणाकडेने फिरत, आणि विचारलं तर म्हणत, “पाय मोकळे करतोय.”

मॅडमना दाखवायच्या आधीच काटा पिंजऱ्यांकडे धावला.

“काका, मावशीची लेक जिवंत आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“तुम्ही म्हणता म्हणजे...” काका खाली ठेवलेल्या बादलीवर बसले. ती पाण्याने भरलेली आहे, हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

दुसऱ्या दिवशी काका दाढी करून आले. गळ्यात कुणाची तरी दुर्बीण. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. शनिवारपासून रोज सकाळी जंगलात जाऊ द्यावं, असा अर्ज त्यांनी कारकुनाच्या टेबलावर ठेवला.

“नातवंडं किती झाली असतील हो?” कारकुनाने डोळा मारत विचारलं.

“तीन तरी असावीत,” काका गंभीरपणे म्हणाले. मग काट्याकडे वळून हळूच म्हणाले, “साहेब, आमच्या घरातून निरोप आहे तुम्हाला. म्हणाली, अकरा वर्षांत काल पहिल्यांदा मी घोरलो.”

काट्याची छाती दोन इंच फुगली. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली.

“या धाकट्याचं काय झालंय?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. धाकटा हा मावशीचा दुसरा मुलगा, तिच्याच पिंजऱ्यात जन्मलेला. “आईचा एक संच मुलात यायलाच हवा. याच्यात मावशीचं काहीच नाही.”

काट्याने मिनिटभर विचार केला. आपण चुकलो असू, ही शंका त्या मिनिटात त्याच्या वाटेलाही गेली नाही. “मग तो तिचा नसणार,” तो म्हणाला. “काकांनी पिल्लं बदलली असतील.”

हे कारकुनाने ऐकलं, त्यामुळे काट्याच्या आधी ते काकांपर्यंत पोचलं.

“साहेब, तो माझ्या डोळ्यांदेखत झाला,” काका म्हणाले. “त्या वर्षी दुसरं पिल्लूच नव्हतं इथे. बदलू कशाशी, मांजराशी?”

“मग जनुकं खोटं बोलतात का?”

“जनुकांचं मला माहीत नाही. माणसं बोलतात.” मग तेच हसले. “जाऊ द्या. एक सापडली, एक परका झाला. मावशीच्या पदरात तेवढीच राहिली.”

काकांना खोटं पाडायचं म्हणून काटा ट्रेकडे परतला. धाकट्याचा नंबर पाहिला. निळा सतरा. शेजारच्या ट्रेमध्ये हिरवा सतरा. तो दोन्ही ट्रेमधले सारखे नंबर एकाच वेळी हाताळत असे. तेवढाच वेळ वाचतो. म्हणजे एका क्षणी दोन उघड्या नळ्या त्याच्या हाताशी होत्या आणि दोन झाकणं टेबलावर. त्याने नळ्या उचलून उजेडात धरल्या. त्यांच्या अंगावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

धाकट्याचं रक्त पुन्हा तपासलं. तो मावशीचाच निघाला. जंगलातला सतरा नंबर मावशीचा कुणीच नव्हता.

“काकांना मी सांगू का?” मॅडमनी विचारलं.

“नको,” काटा म्हणाला. “मीच सांगतो.”

शुक्रवारी दुपारी काका शेवटची झाडलोट करत होते. काट्याने सगळं सांगितलं. झाकणांचं दोनदा सांगितलं.

“म्हणजे ती नाहीच?”

“सतरा नंबर ती नाही. पण काका, आपण तीसच नमुने घेतलेत. जंगलात चारशे माकडं आहेत. त्या हिशेबाने शक्यता—”

“साहेब, आकडा नको.” काकांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि तिचा पट्टा नीट गुंडाळला. “मी मावशीला सांगून बसलोय. आता हे तुम्ही सांगा तिला.”

“तिला काय कळणार?”

“कळत नाही म्हणून तर अकरा वर्षं तिच्यापाशी बोललो. आज मला नाही जमायचं.”

कारकून आसपास नाही, हे काट्याने आधी पाहिलं. मग तो गजांपाशी उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला.

“मावशी,” तो म्हणाला, “चूक माझी आहे. ती तुझी लेक नव्हती. मी... मी न तपासता बोललो.”

मावशी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग सावकाश उठून जवळ आली, वळली आणि तिने आपली पाठ त्याच्यासमोर गजांना टेकवली. काट्याचे डोळे भरून आले. त्याने दोन बोटं आत घालून तिच्या पांढुरक्या केसांना हात लावला.

“काका,” तो कसाबसा म्हणाला, “माफ केलं हिने मला.”

“नाही, साहेब,” काका बाहीला नाक पुसत म्हणाले. “तिला खाज सुटलीय. जरा डावीकडे.”