मॉलमधला माग

जिल्ह्याचे विभाजन झाले की उरलेल्या जिल्ह्याला स्वाभिमानासाठी काहीतरी उंच बांधावे लागते. गोंदिया वेगळे झाले आणि यथावकाश भंडाऱ्यात ‘रॉयल झाडी मॉल’ उभा राहिला. व्यवस्थापनाच्या पाहणीनुसार निम्मे लोक थंड हवेसाठी येत, निम्मे सरकत्या जिन्यासाठी. (खरेदीला आलेले एक गृहस्थ आढळले, ते बसस्टँड समजून आत शिरले होते.) आत शिरलेल्याला बाहेरचा रस्ता सापडू नये, हे मोठ्या शहरांतल्या मॉलचे वैशिष्ट्यही इथे तंतोतंत उतरले होते. उणीव होती ती फक्त संस्कृतीची. ती भरून काढण्यासाठी विणकर भैय्यालालची निवड झाली.

भैय्यालाल हातमागावर करवतकाठी साड्या विणायचा. मॉल झाल्यापासून त्याचे गिऱ्हाईक तुटले होते, तेव्हा मॉलनेच त्याला आसरा द्यावा हे न्यायाला धरूनच झाले. तळमजल्यावर, पॉपकॉर्नच्या गाड्याला लागून, काचेच्या खोलीत त्याचा माग बसवला गेला. वर पाटी लागली : ‘आपला वारसा. कृपया हात लावू नये.’

लोक काचेला टेकून फोटो काढत. “हे पाय बाबू, आपली संस्कृती,” असे बाप मागाकडे बोट दाखवून पोराला सांगे आणि पोरगा पॉपकॉर्नकडे पाही.

भैय्यालालला त्याचे काही वाटत नसे. त्याच्या बायकोने, शकुनबाईने, जन्मभर त्याला सुताच्या कांड्या भरून दिल्या होत्या. पण घरच्या मागावरची एकही साडी तिच्या अंगाला लागली नव्हती. उतरली की बाजारात जायची. काचेच्या खोलीत मागावर चढवलेली ही साडी मात्र तिच्यासाठी होती.

पदर विणायला घेतला तसा मॅनेजर भूपेंद्र धावत आला. हा नागपुरात शिकलेला, टायवाला.

“काका, हे संपवून काहून राहिले?”

“साडी हाय बाबू. विनली का संपतेच.”

“पन संपली तं लोक पायतील काय? रोज विनली तेवढी उसवत जा.”

(व्यवस्थापनशास्त्रात याला सातत्य म्हणतात.)

भैय्यालाल आज्ञाधारक माणूस. त्याने वीतभर उसवून पाहिली. पण आपल्याच हाताने आपला काठ उसवणे त्याला जमेना. मग त्याने ती वीत पुन्हा विणली. खाली मान घालून विणतच राहिला.

रविवारी, ऐन गर्दीत, त्याने साडी मागावरून उतरवली, शकुनबाईला काचेच्या खोलीत बोलावले आणि पदर तिच्या खांद्यावर टाकला.

“लोक पाऊन राहिले ना जी,” ती लाजली.

“पाऊ दे. त्यायले तेच काम हाय.”

दोघे सरळ बाहेर पडले. हा सांस्कृतिक कार्यक्रमच आहे असे समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्यालाल पुन्हा आला नाही. शकुनबाई आता ती साडी नेसून भाजी आणायला जाते.

मॉलचे काही अडले नाही. मागावर प्लॅस्टरचा विणकर बसवला. त्याचा हात मोटरवर हलतो, त्याला बायको नाही, त्यामुळे साडी कधी संपत नाही. गर्दी वाढली. पहिल्यापेक्षा आता जास्त जिवंत वाटते, असा अभिप्राय सर्वत्र आहे.

आपणही तिथे फोटो काढला होता ना? मोबाइलमध्ये एकदा शोधून पाहा, मागे बसलेला भैय्यालाल आहे की पुतळा. (कळणार नाही. मध्ये आपला चेहरा आला आहे.)