अबोलीचं बहुमत

टीव्हीसमोर नुसतं लोळणाऱ्या इंदूरला मी कामाला लावणार होते. गंमत नाही, पक्का प्लॅन होता!

आमची पलासियातली कंपनी सेट-टॉप बॉक्ससाठी कार्यक्रम बनवते. सेट-टॉप बॉक्स म्हणजे टीव्हीखालचा तो काळा डबा, ज्याच्यावर आमच्याकडे क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर संगमरवरी हत्ती असतो. त्या डब्याच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं असतात. ती कशाला असतात हे कुणालाच माहीत नसतं. मला माहीत होतं! ती माझ्या करिअरसाठी असतात.

कल्पना अशी. रविवारी सकाळी लोकल चॅनलवर लाइव्ह स्वयंपाक. बाई रांधणार, आणि पुढे काय घालायचं ते प्रेक्षक घरबसल्या रंगीत बटण दाबून ठरवणार. बटण दाबलं की डब्याला जोडलेल्या इंटरनेटच्या तारेतून मत थेट आमच्याकडे. कार्यक्रमाचं नाव, 'हुकूम तुमचा, हात काकूंचा'. काकू म्हणजे माझ्या सासूबाई, बेबीकाकू. त्यांचं श्रीखंड बडा गणपतीपासून राजवाड्यापर्यंत प्रसिद्ध आहे. असं त्याच सांगतात.

आमच्या भूषण सरांनी मला शब्द दिला होता.

"मधुरिमा, ये शो हिट करवा दे बस! मग तू आरामात घरून काम कर. फ्लॉप झाला, तर सोमवारपासून रोज दहा ते सात, इथं, माझ्यासमोर."

आता घरी माझी दोन वर्षांची अबोली. सकाळी मी पर्स उचलली की ती माझी चप्पल लपवते. एकच. तिचा हिशोब असा की एका चपलेत आई कुठं जाऊ शकत नाही. तिचा हिशोब चुकवायला मी दोनदा वेगवेगळ्या चपला घालून ऑफिस गाठलंय. रिक्षात बसल्यावर घराच्या खिडकीत तिचा जो चेहरा दिसतो ना, त्याच्यापुढे पगार, प्रमोशन, पीएफ, सगळं फिकं. म्हणून शो हिट होणं आवश्यक होतं. देशासाठी नाही. चपलेसाठी.

तयारी मी घरीच, अबोली झोपली की करत होते. हजारो घरांनी एकदम बटणं दाबली तर आमची सिस्टीम कोसळते का, हे बघायचं होतं. पण चाचणीसाठी हजारो घरं आणायची कुठून? म्हणून घरच्या डब्याला सांगून ठेवलं, तुझं एक मत म्हणजे हजार मतं समज. काम झालं की हे काढून टाकायचं. दोन मिनिटांचं काम! ते करायला बसले आणि अबोलीनं वरणाची वाटी डोक्यावर उपडी केली. मग वरण काढलं. हजार काढायचे राहिले.

दुसरं म्हणजे, पिवळ्या बटणाचं चित्र यायला उशीर होता. तोवर तिथं मी माझाच हसरा चेहरा डकवला होता. पिवळं दाबलं की पडदाभर मी यायचे आणि म्हणायचे, "शाब्बास!" अबोली जागी असली की तेच बटण दाबत बसायची. पुढे खरं चित्र आल्यावर माझा चेहरा काढला. तो मात्र अगदी आठवणीनं!

पिवळं बटण ही भूषण सरांची करामत. "तीन पर्याय सिरियस ठेवू. पिवळा गमतीचा. ते कोण दाबणार यार?"

रविवार उजाडला. ऑफिसच्या एका खोलीत गॅस, ओटा, दिवे. सासूबाई जरीच्या साडीत, चक्का समोर घेऊन, कॅमेऱ्याकडे अशा बघत होत्या जणू तो उधार मागायला आलाय. सूत्रसंचालनाला शिखा. आणि सोफ्यावर केबलवाले लक्ष्मीकांतजी. डबे त्यांचे, चॅनल त्यांचं, मालिका पुढं चालू ठेवायची की नाही हा निर्णयही त्यांचाच. त्यांनी वाटी-चमचा आधीच हातात घेतला होता.

"तर मंडळी!" शिखा किंचाळली. "श्रीखंडात काय घालायचं? लाल म्हणजे केशर, हिरवं वेलची, निळं जायफळ, आणि पिवळं म्हणजे आपलं इंदुरी जिरावण!"

जिरावण म्हणजे आम्ही पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला. हिंग, मिरी, सुंठ, काळं मीठ, सगळी तिखट मंडळी त्यात नांदतात. श्रीखंडाशी त्याचं नातं तितकंच, जितकं माझं शांत झोपेशी.

पडद्यावर आकडा सुरू झाला. पिवळं, एक हजार. दोन हजार. पाच. नऊ हजार! बाकी रंगांचे आकडे दिसायचे नाहीत. हरणाऱ्यांचं मन दुखतं, असं भूषण सरांचं म्हणणं.

"बेबीकाकू, जनतेचा कौल! जिरावण!"

"श्रीखंडात?" सासूबाईंचा हात वाटीवरच थांबला. "पुन्हा विचार गं त्यांना. चुकून दाबलं असेल."

"हुकूम प्रेक्षकांचा, काकू!"

"या प्रेक्षकांना आई-वडील आहेत की नाहीत?"

पण घातलं बिचारीनं. चिमूटभर, डोळे मिटून, आणि कपाळाला हात लावून. लक्ष्मीकांतजी सोफ्यावर उसळले. "गजब पब्लिक आहे भिया! नऊ हजार! मजा आ गया!"

भूषण सरांनी मला दुरून अंगठा दाखवला. मला तर माझी घरची खुर्ची, शेजारी खेळणारी अबोली, दोन्ही चपला जागेवर, असं चित्र दिसायलाही लागलं.

दुसरा प्रश्न, वरून काय पेरायचं? बदाम, पिस्ते, चारोळी, की पिवळं म्हणजे सेव?

सतरा हजार मतं. सेव!

"लसणाची की साधी?" सासूबाईंनी विचारलं. आवाज असा होता की कॅमेरामन दोन पावलं मागं सरकला.

लक्ष्मीकांतजी मात्र आता हसत नव्हते. "भूषणजी, एक सांगा. माझे कनेक्शन टोटल चौदा हजार. मतं सतरा हजार कशी?"

"सर, एकेका घरात दोन-दोन लोक दाबतात."

"एका रिमोटवर?"

"जॉइंट फॅमिली, सर."

मी पडद्याकडे बघितलं. एक हजार, दोन हजार, सतरा हजार. सगळे कसे गोल गोल. एकही सुटा आकडा नाही. आणि मला ती वरणाची वाटी आठवली. हजार काढायचे राहिले होते!

कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. सासरे, कृष्णराव, लगेच हजर.

"बाबा, अबोली काय करतेय?"

"मजेत आहे! माझ्या मांडीवर. रिमोटशी खेळतेय. सूनबाई, बेबीनं श्रीखंडात सेव का घातली गं? वय झालं का तिचं?"

"बाबा, रिमोट काढून घ्या तिच्याकडून! आत्ता!"

"रडेल ती."

"रडू द्या!"

आमच्या सासऱ्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घरात त्यांची तलवार अजून आहे. पण पुढच्या अर्ध्या मिनिटात फोनवर जी लढाई मी ऐकली, ती खापरपणजोबांनाही झेपली नसती. शेवटी धापा टाकत बाबा म्हणाले, "घेतला! चावली मला!"

इकडे शिखानं तिसरा प्रश्न टाकला. श्रीखंडासोबत काय? पुरी, पोळी, पराठा, की पिवळं, कच्चा कांदा? "दाबा मंडळी, दाबा!"

आकडा आला. शून्य.

पुन्हा शून्य. शिखा हसत राहिली. तिचं हसू हळूहळू शाळेच्या ग्रुप फोटोसारखं झालं. सासूबाई तळायला घेतलेली पुरी हातात धरून उभ्या. शून्य. कढईतलं तेल तेवढं बोलत होतं.

"मधुरिमा!" भूषण सर ओठ न हलवता बोलले. "सिस्टीम बंद पडली?"

"नाही सर. सिस्टीम एकदम मस्त चालू आहे. प्रेक्षक बंद पडलाय."

"कोणता?"

"एकच आहे सर. दोन वर्षांची. माझी."

सरांचा चेहरा चक्क्यासारखा झाला, पाणी काढून टांगलेल्या. सगळं इंदूर बटण दाबतंय असं आम्हाला वाटत होतं आणि दाबत होती एकटी अबोली! एवढ्या मोठ्या शहरात केशराला एक मत नाही. जायफळाला नाही. श्रीखंडाबरोबर पुरी हवी असं म्हणणारा एक माणूस नाही!

"रिमोट वापस दे तिला!" सर कुजबुजले. "फोन लाव!"

तुम्ही म्हणाल, हे खोटं आहे. आहेच. पण सोमवार डोळ्यांसमोर आला, ती खिडकी, ती एक चप्पल. लावला फोन.

"बाबा, रिमोट द्या तिला परत."

"सूनबाई, तू आधी ठरव काय ते! माझ्या मनगटावर दात उमटलेत!"

"द्या हो बाबा, प्लीज!"

क्षणात पडदा जिवंत झाला. कच्चा कांदा, अकरा हजार! शिखानं आनंदानं उडी मारली. सासूबाईंनी पुरी खाली ठेवली, कांदा उचलला आणि एका बुक्कीत फोडला. तो कांदा त्यांना कोण वाटला असेल, याचा विचार मी टाळला.

कार्यक्रम संपला. लक्ष्मीकांतजींनी जिरावणाचं, सेव पेरलेलं श्रीखंड कांद्याबरोबर तोंडात घातलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. कोण आहे ही पब्लिक? मला भेटायचंय."

भूषण सर 'जॉइंट फॅमिली' म्हणायला तोंड उघडतच होते. पण मला आता आणखी एक खोटं झेपत नव्हतं. सांगून टाकलं. डबा, हजार, वरण, अबोली, सगळं. सरांनी खुर्ची शोधली आणि बसले.

लक्ष्मीकांतजींनी चमचा वाटीत ठेवला. "म्हणजे चौदा हजार घरांतून एकानंही नाही दाबलं? माझ्या घरी तर सगळे बघत होते!" त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, बटण का नाही दाबलंत?"

"पागल झालात का?" पलीकडून कडक आवाज आला. "रंगीत बटण दाबलं की पैसे कटतात! तुम्हीच तर घरात सगळ्यांना दम दिलाय, हात नाही लावायचा म्हणून! मल्हारगंजात माझ्या बहिणीकडेही कुणी नाही दाबलं!"

"कटतातच!" सासूबाई मागून ठामपणे म्हणाल्या. "मी तर त्या बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवते. मधू काढते, मी लावते. आज लावलेली अबोलीनं दातांनी काढली असणार."

म्हणजे पाहा! सहा महिने मी ज्या बटणांवर जीव लावला, त्यांना अख्ख्या शहरानं विजेच्या उघड्या तारेसारखं वाळीत टाकलं होतं. माझ्याच घरात त्यांच्यावर पट्टी होती! आणि ती अफवा पसरवणारे थोर पुरुष सोफ्यावर बसून कांदा खात होते.

ते आता कुणावर चिडणार? खाकरले. म्हणाले, "पुढच्या रविवारी खाली मोठ्या अक्षरात लिहा, बटण फुकट आहे. आणि मॅडम, तुम्ही घरूनच काम करा. त्या रिमोटपाशी कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे." मग वाटी सासूबाईंपुढे करून, "काकू, जिरावण थोडं अजून?"

सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलंय. ते अजून सोडलेलंच आहे.

तर मी जिंकले! रिमोटची राखणदार म्हणून का होईना. घरी आले तर बाबा मनगटाला हळद लावून बसलेले, आणि अबोली जमिनीवर, टीव्हीसमोर. कार्यक्रम केव्हाच संपला होता, तरी पिवळं बटण दाबतच होती. दाबायची, पडद्याकडे मान वर करायची, थांबायची. पुन्हा दाबायची.

"आई ये," टीव्हीला सांगत होती. "आई ये."

"सकाळपासून हेच," बाबा म्हणाले. "दर वेळी म्हणते आई ये, आणि येते ती जिरावणाची बरणी! कशासाठी चाललंय काय कळेना."

मला कळलं. मी दारातच बसले. एवढ्या हजारांतलं एकही मत जिरावणाला नव्हतं. सगळी मला होती.

तिला उचलून घेतलं. "ही बघ आई! आली की नाही खरी आई? आता रोज घरी!" तिनं माझ्याकडे नीट बघितलं, टीव्हीकडे बघितलं, मग रिमोट माझ्या नाकाशी आणून पिवळं बटण दाबलं आणि वाट बघत राहिली.

"शाब्बास!" मी म्हणाले.

पुन्हा दाबलं.

तेव्हापासून मी घरून काम करते. चपला दोन्ही जागेवर असतात. 'बटण फुकट आहे' हे वाचूनही लोक दाबत नाहीत, त्यामुळे सध्या इंदुरात बटणावर चालणारा एकच कार्यक्रम यशस्वी आहे, आणि तो मी आहे. सकाळी सहापासून चालू असतो. बंद करायचं बटण मात्र त्या रिमोटवर कुठंच नाही, मी शोधून पाहिलंय.