कोळ्याने विणलेली होडी

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळासुद्धा नव्हती (टाळ्या वाजवू नका), पण समिती होती. समिती म्हणजे काय ते तुम्हाला मोठेपणी कळेल. तोपर्यंत सुखात राहा.

हे जंगल जिथे संपायचं तिथे खाडी होती आणि खाडीपलीकडे मिठाचं बेट होतं. महिन्यातून एकदा होडी बेटावर जायची आणि सगळ्यांसाठी मीठ आणायची. मीठ संपलं की हरणं रुसून बसायची, गवे एकमेकांना ढुशा मारायचे आणि महाराज सिंहांना शिकार अळणी लागायची.

होडी एकच होती. तिचं नाव थोरली. ठकूताई नावाच्या सुतारपक्षिणीने ती बांधली होती. फणसाची एकेक फळी तिने स्वतःच्या चोचीने तासली. पाच वर्षं लागली. चोचीचं टोक बोथट झालं ते झालंच.

थोरलीच्या पोटाखाली कणा होता. म्हणजे पुढच्या टोकापासून थेट मागच्या सुकाणूपर्यंत गेलेलं एक जाड, जड लाकूड. ते पाण्याखाली असायचं, म्हणून दिसायचं नाही. दिसायचं नाही म्हणून त्याचं कुणी कौतुकही करायचं नाही. या कण्यामुळे थोरली जरा विचारी झाली होती. वळ म्हटलं की लगेच वळायची नाही. आधी ऐकून घ्यायची, मग वळायची. पण एकदा वाट धरली की सुकाणू सोडून जांभई दिली तरी सरळ जायची. वाऱ्याने तिला एका कुशीवर कलंडवलं तरी ती पुन्हा उठून बसायची.

तिच्यात एकच खोट होती. कणा खोल, त्यामुळे उथळ पाण्यात तिला येता येत नसे. बेटाजवळ सगळ्यांना छातीभर पाण्यात उतरून चालावं लागे. हरणं चालत, गवे चालत, महाराजही चालत. मग महाराजांची आयाळ भिजे. भिजलेले महाराज कसे दिसत, ते विचारू नका. नळाखाली धरलेलं मांजर तुम्ही पाहिलं असेलच.

एक दिवस महाराज तसेच ठिबकत दरबारात आले.

“आम्हाला नवी होडी हवी,” ते म्हणाले. “पार वाळूवर नेऊन सोडणारी.”

“अगदी आधुनिक करू या, महाराज,” समितीचे चिटणीस मुंगूसराव म्हणाले. “कुणाकडून करून घ्यायची?”

महाराजांच्या आईसाहेब शेजारीच पेंगत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. “अरे, होडीचं कोळ्यांना विचारा. जन्म जातो त्यांचा त्यात.” आणि डोळा मिटला.

मुंगूसरावांनी लिहून घेतलं : कोळी.

आईसाहेबांच्या मनात कुठले कोळी होते, ते तुम्हाला कळलंच. मुंगूसरावांनाही कळलं असतं, पण कचेरी सोडून ते कधी किनाऱ्यावर गेलेच नव्हते. त्यांनी मान वर केली. छताच्या कोपऱ्यात एक कोळी लटकत होता. आठ पायांचा. जाळेकर त्याचं नाव.

“अहो, तुम्ही कोळीच ना?” मुंगूसरावांनी विचारलं.

“जन्मापासून,” जाळेकर म्हणाला.

“जाळं टाकता?”

“रोज सकाळी.”

“त्यात काही सापडतं?”

“पोटापुरतं.”

“वा! मग आमची होडी तुम्हीच करायची.”

जाळेकर भला होता. होडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं त्याला वाटलं. त्याने आपले चारशे भाऊबंद बोलावले. साचा म्हणून मुदपाकखान्यातली सर्वांत मोठी काहील उपडी घातली. तिच्यावर भाऊबंदांनी धाग्याचं कापड विणलं, त्याला झाडाची राळ फासली, ते वाळल्यावर वर दुसरा थर विणला, पुन्हा राळ. असे चाळीस थर झाले. मग काहील काढून घेतली. जे उरलं ते पांढरंशुभ्र, गुळगुळीत आणि इतकं हलकं होतं, की दोन माकडांनी ते डोक्यावर घेऊन नाच केला.

“आणि जुनी?” महाराजांनी विचारलं.

“आपल्या अंघोळीच्या बंबाला वर्षभर पुरेल, महाराज,” मुंगूसराव म्हणाले. “वाळलेला फणस आहे. छान जळेल.”

हे ठकूताईच्या कानावर आलं, तेव्हा ती थोरलीच्या फटीत काथ्या ठोकत होती. तिच्या चोचीतला काथ्या खाली पडला.

ती नवी होडी पाहायला गेली. खरं सांगायचं तर खोट काढायलाच गेली. तिने एका अंगाने ठोकून पाहिलं. दुसऱ्या अंगाने ठोकलं. कान लावला. एकही फट नाही, एकही खिळा नाही, कीड लागायला लाकूडच नाही. ठकूताईला फार वाईट वाटलं. काम चोख होतं.

“चांगलं केलंस रे,” ती जाळेकरला म्हणाली. “एवढं घट्ट मला जमलं नसतं. पण हिला कणा कुठाय?”

“कणा?” जाळेकर म्हणाला. “ताई, आमच्या घराण्यात कुणालाच नाही. आमचं कधी काही अडलं नाही.”

“तुझं नाही अडलं. हिचं अडेल. वारा आडवा आला की ही थाळीसारखी फिरेल. असं करू, कणा मी तासून देते, तू त्याच्यावरून तुझं विणकाम कर.”

जाळेकरचे आठही डोळे चमकले. “म्हणजे दोन्ही एकत्र? असं होतं?”

पण तेवढ्यात मुंगूसराव तपासणीचा कागद घेऊन आले. “काही जोडायचं नाही! कागदात रंग आहे, चकाकी आहे, बसायची सोय आहे. पाण्याखालच्या भागाला रकानाच नाही.”

“का नाही?” ठकूताईने विचारलं.

“पाण्याखाली बघतं कोण?”

“मासे.”

“मासे आपल्या राज्यात मोडत नाहीत,” मुंगूसराव म्हणाले आणि कागदावर सही केली.

ठकूताईला भांडता येत नसे. तिला फक्त ठोकता येत असे. शेवटी आईसाहेबच दुसरा डोळा उघडून म्हणाल्या, “जाळण्याआधी दोघींना एकदा पाण्यात तर घाला.”

म्हणून शर्यत ठरली. बेटावर जायचं, मीठ भरायचं, परत यायचं. जी होडी आधी किनाऱ्याला लागेल ती राहील, दुसरी बंबात जाईल. निकाल लिहायला समितीचा बगळा वाळूवर एका पायावर उभा राहिला.

नव्या होडीत बसायला रांग लागली. महाराज बसले, मुंगूसराव बसले, चार माकडं, दोन हरणं आणि एक साळिंदर बसलं. साळिंदराशेजारी बसायला मात्र कुणी तयार होईना. थोरलीवर ठकूताई एकटीच.

“थांब गं ठकू,” आईसाहेब काठीसारखी शेपटी टेकत आल्या. “मी तुझ्याबरोबर येते. ती नवी फार उड्या मारते. तुझी झोपू देते.”

“झोपायचं नाही, आईसाहेब. शिडाचा दोर ओढायचाय.”

“अगंबाई! बरं, दे इकडे.”

सकाळी वारा मंद होता. नवी होडी पाण्यावरून पापडासारखी सरकत गेली. थोरली निम्म्या वाटेवर असताना ती बेटाला लागलीसुद्धा. महाराज थेट वाळूवर उतरले. आयाळीचा एक केस भिजला नाही. माकडांनी एवढा जयजयकार केला की तो ठकूताईला खाडीच्या मध्यावर ऐकू आला. तिने थोरलीच्या काठावरून पंख फिरवला. बिचारीला अजून काहीच माहीत नव्हतं.

परतताना मिठाची पोती भरली, दुपार झाली आणि वारा उठला.

“ठकू, ती होडी बांधणारा कोण गं? तो आठ पायांचा?” आईसाहेबांनी दोर ओढता ओढता विचारलं.

“तो कोळी.”

आईसाहेबांनी दोर जरा सैल सोडला. “अगं, मी मासे धरणारे म्हटलं होतं.”

दोघी पुढे बघत राहिल्या. आता थोरलीला तिच्या मनासारखा वारा मिळाला होता. ती एका कुशीवर रेलली आणि सरळ रेषेत निघाली. नव्या होडीला मात्र वारा नेईल तिकडे जायचं होतं. ती आधी तिरकी गेली, मग आडवी गेली, मग गोल फिरली.

“सरळ चालवा!” महाराज ओरडले.

“चालवतोय महाराज, पण सरळ कुठल्या बाजूला आहे?” माकड ओरडलं.

ते बघायला महाराज उभे राहिले. सगळं राज्य एका काठावर आलं. होडी कलंडली, आणि पुन्हा उठून बसायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती पालथी झाली.

थोरली तेव्हा पुढे होती. किनारा समोर दिसत होता, त्यावर बगळाही दिसत होता. ठकूताईने मागे पाहिलं. मग पुढे पाहिलं. थोरलीला वळवायचं म्हणजे अर्धी खाडी लागते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“आईसाहेब, दोर सोडा,” ती म्हणाली. “मागे जायचंय.”

थोरलीने ऐकून घेतलं. विचार केला. आणि वळली.

एकेकाला वर घेताना थोरली काठापर्यंत कलायची आणि पुन्हा सावरायची. महाराज चढले तेव्हा तर ती एवढी कलली की आईसाहेबांनी डोळे मिटले. पण सावरली. जागा व्हावी म्हणून मिठाची पोती पाण्यात टाकावी लागली. साळिंदर शेवटी चढलं आणि सगळ्यांनी आपणहून अंग चोरलं. कुणी बुडालं नाही. फक्त मुंगूसरावांचा कागद बुडाला.

इकडे रिकामी, पालथी, हलकीफुलकी नवी होडी वाऱ्याबरोबर भिरभिरत गेली आणि पहिल्या नंबराने किनाऱ्याला लागली. बगळ्याने नीट पाहिलं आणि निकाल लिहिला.

“नवी होडी पहिली,” सगळे उतरल्यावर त्याने वाचून दाखवलं. “जुनी दुसरी. शिवाय जुनीने मीठ आणलं नाही.”

“अरे, पण माणसं आणली ना तिने!” आईसाहेब म्हणाल्या.

“माणसांना रकाना नाही,” बगळा म्हणाला. तोही समितीचाच होता.

महाराज थंडीने कुडकुडत होते. “आधी कढत पाणी!” ते म्हणाले. “बंब पेटवा!”

मुंगूसरावांनी अदबीने थोरलीकडे बोट दाखवलं. ठकूताई सुकाणूवर बसून राहिली.

बारा गव्यांना थोरली ओढायला लावलं. तोवर ओहोटी लागली होती आणि थोरलीचा कणा चिखलात हातभर रुतला होता. गव्यांनी ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. थोरली तसूभर हलली नाही. शेवटी महाराजांनी गार पाण्याने अंघोळ केली आणि मुंगूसरावांनी नोंद केली : ‘जळण जागेवरून हलत नसल्याने बंबाचं काम स्थगित.’

नवी होडी दरबाराच्या दारात पालथीच बसवली. तिच्यातून पावसाचा एक थेंब गळला नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी जाळेकरला उत्कृष्ट छपराबद्दल शाल मिळाली.

पण त्याआधीच, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो एक लांब धागा घेऊन चिखलात आला होता. ठकूताई काथ्या ठोकत होती.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “माप घ्यायचं होतं. कणा कुठून कुठपर्यंत असतो?”

ठकूताईने काम थांबवलं नाही. “पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत,” ती म्हणाली. “मधेच सोडून चालत नाही.”

जाळेकरने धाग्याचं एक टोक थोरलीच्या नाकाला चिकटवलं आणि तो चालू लागला. बराच वेळ चालत होता.

तात्पर्य : शर्यतीत पहिलं यायचं असेल, तर आपल्यात बसलेले सगळे वेळेवर पाण्यात पडतील याची काळजी घ्यावी. त्या सगळ्यांना घेऊन ज्यांना परत यायचं असेल, त्यांनी दुसऱ्या नंबराची सवय करावी आणि जवळपास चिखल आहे ना, ते आधी बघून ठेवावं.