आबारावांना दम लागतो

पाण्यातल्या जिवांबद्दल आपल्याला कुणी नवीन काही सांगू शकेल, ही गोष्ट अणदूरच्या सिद्रामप्पा गुरुजींना मान्य नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी सातवीला विज्ञान शिकवलं होतं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण पाहिला असता तर त्यांनी त्यालाही दोन-चार गोष्टी समजावून सांगितल्या असत्या. त्यामुळं तुळजापूरच्या मैदानात फिरतं ‘मरीन पार्क’ आलंय आणि तिथं पडद्यामागची खास सफर आहे, असं कळल्याबरोबर त्यांनी बायकोला जाहीर केलं, की आपण जाऊ, पण ऐकायला नव्हे, तपासायला.

महानंदाबाई काही बोलल्या नाहीत. गुरुजी शाळेत शिकवत होते तेव्हा रानातली विहीर, मोटर आणि ठिबक हे सगळं त्यांनी एकटीनं सांभाळलं होतं. बोलण्याचं खातं घरात आधीपासूनच गुरुजींकडं होतं.

दुपारची वेळ, आडवार, त्यामुळं सफरीला दोघंच. माहिती सांगायला भैरवी नावाची मुलगी होती. बी.एस्सी. झालेली, आवाज गोड, आणि सहनशक्ती म्हशीसारखी. तिनं दोघांना गमबूट आणि निळा ॲप्रन दिला आणि आत नेलं. पुढं माणसं काचेच्या बोगद्यातून मासे बघत होती, आणि मागं मात्र पत्र्याच्या शेडमध्ये पाइप, टाक्या, बादल्या आणि खाद्याचा असा वास, की गुरुजींनी दोनदा विषय बदलला.

भैरवी एक वाक्य बोलायची आणि गुरुजी ते दुरुस्त करायचे. ती म्हणाली मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, तर गुरुजी म्हणाले, श्वास नव्हे, श्वसन. ती म्हणाली हा मासा साडेतीन फुटांचा आहे, तर गुरुजींनी सेंटिमीटरमध्ये सांगायला लावलं.

शेवटी ती एका लहान टाकीपाशी थांबली. आत मोठ्या मिशांचा, जाडजूड, काळपट मासा तळाशी पडून होता. आमच्या मालकांच्या चुलत्यांसारख्या मिशा म्हणून सगळे याला आबाराव म्हणतात, असं तिनं सांगितलं. वय वर्षं अकरा. तीन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं म्हणून त्यांना इथं वेगळं ठेवलं होतं. वाहतं पाणी मिळत राहिलं तर दोन दिवसांत उठतील, असं ती म्हणाली. इतक्यात तिचा फोन वाजला. फाटकाशी बर्फाची गाडी आली होती.

“पाच मिनिटांत येते,” ती म्हणाली. “तेवढं कशाला हात लावू नका.”

ती गेली आणि जिल्ह्यातल्याच वाशीच्या बचत गटाच्या आठ बायका आत शिरल्या. त्यांना दिसलं ते असं, की ॲप्रन घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ टाकीकडं बोट दाखवून एका बाईला काहीतरी समजावतायत. त्या सरळ त्यांच्यापुढं गोल करून उभ्या राहिल्या. त्यांची पुढारी बनाबाई म्हणाली, “सांगा सर.”

आता निवृत्त मास्तरापुढं आठ माणसं गप्प उभी राहिल्यावर तो काय करणार? गुरुजींनी सुरुवात केली. कल्ले झाले, पर झाले, देवमासा हा मासा नसतो हेही झालं. बायका माना डोलावत होत्या. महानंदाबाईंनी हळूच म्हणून पाहिलं, की अवो, ती पोरगी येऊ द्या. पण गुरुजी तोवर पाइपांपर्यंत पोचले होते.

बनाबाईनं पंपाला पाणी ओढणाऱ्या जाड पाइपावरचं पितळी बूच दाखवून विचारलं, “ह्ये कशाचं हो सर?”

ते कशाचं आहे हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. पण ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत वर्गात उच्चारलं नव्हतं, आणि आज उच्चारायचं काही कारण त्यांना दिसेना. हे दाबाचं नियंत्रण, असं ते म्हणाले आणि प्रात्यक्षिक म्हणून त्यांनी बूच तीन आटे फिरवलं.

बूच त्यांच्या हातात आलं. पाइपानं सुस्स करून हवा ओढली. मोटरीचा आवाज एकदम चढला, आणि आबारावांच्या टाकीत पडणारी धार बारीक होत होत बंद पडली.

गुरुजी बुचाकडं बघत राहिले. महानंदाबाई मात्र तोवर भिंतीशी पोचल्या होत्या. त्यांनी आधी स्टार्टर बंद केला.

“हवा धरली मोटरीनं,” त्या म्हणाल्या. “कोरडी चालली तर जळंल. बादल्या घ्या गं.”

धाराशिव जिल्ह्यातल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. आठही जणींनी साड्या खोचल्या, मोठ्या टाकीपासून पंपापर्यंत रांग लावली आणि बुचाच्या भोकातून पाइपात पाणी ओतायला लागल्या. इकडं आबाराव वर आले आणि तोंड पाण्याबाहेर काढून आ वासायला लागले. महानंदाबाईंनी नवऱ्याच्या हातात लोटा दिला. टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट गुरुजी दरवर्षी शिकवायचे. ती आपल्याला वेळेवर सुचली नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. ते वाकून लोट्यावर लोटे ओतू लागले.

बनाबाई दारात जाऊन कुणी माणूस मिळतो का बघत ओरडली, की आबाराव गुदमरायलेत, पळा कुणीतरी. बाहेर पॉपकॉर्नच्या गाडीवाल्यानं ते ऐकलं. माणूस भला. त्यानं लगेच अँब्युलन्स बोलावली.

पहिल्या खेपेला पंपानं पाणी उचललंच नाही. बूच पक्कं बसत नव्हतं, आट्यांतून हवा जात होती. महानंदाबाईंनी गुरुजींच्या खिशातून गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी काढली, गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या, पिशवीची पट्टी फाडली आणि बुचाच्या आट्यांवर घट्ट गुंडाळली. पाइप पुन्हा काठोकाठ भरला. बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघितली, बूच आवळलं आणि बटण दाबलं. मोटर खाकरली, थुंकली, आणि धार भसकन टाकीत पडली.

आबाराव थोडा वेळ धारेखाली थांबले. मग सावकाश खाली गेले.

भैरवी आणि अँब्युलन्सचे डॉक्टर एकाच वेळी दारात पोचले. डॉक्टरांमागं स्ट्रेचर होतं. पेशंट कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. आठ बायकांनी टाकीकडं बोटं केली. डॉक्टरांनी टाकीत बराच वेळ बघितलं. भैरवीनं टाकी बघितली, पंप बघितला, बुचावरची पट्टी बघितली, आणि हे कुणी उघडलं म्हणून विचारलं.

गुरुजींच्या हातात लोटा तसाच होता.

“मी,” ते म्हणाले. “ते कशाचं आहे, मला ठाऊक नव्हतं.”

महानंदाबाईंनी नवऱ्याकडं जरा चकित होऊन पाहिलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती.

भैरवी रागावली, पण बेतानं. डॉक्टरांना मात्र इतक्या घाईनं येऊन कुणालाच न तपासता जायचं जिवावर आलं होतं. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. उपड्या बादलीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नखशिखांत भिजलेले, धापा टाकत, मुठीत रक्तदाबाच्या गोळ्या. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून भुवया उंचावल्या, आणि थंडी वाजतेय का विचारून तोंडात डिजिटल थर्मामीटर ठेवला.

तिकडं बचत गटाच्या बायका महानंदाबाईंना सोडेनात. त्यांना पंप बघायचा होता, हवा कशी काढली ते परत बघायचं होतं. भैरवीही वही घेऊन त्यांच्यात जाऊन उभी राहिली. महानंदाबाई लाजत लाजत एकेक पाइप दाखवत गेल्या. हा वाळूचा फिल्टर म्हणजे आपल्या ठिबकाचाच की, नुसता मोठा, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्या हसल्या.

मग बनाबाईनं बादलीवर बसलेल्या गुरुजींकडं मान वळवून विचारलं, “आन् ते सर कोण म्हनायचे? हितलेच का?”

“ते व्हय?” महानंदाबाई म्हणाल्या. “ते माझ्यासंगं आलेत.”

यावर गुरुजींना बरंच काही सांगायचं होतं. पण थर्मामीटर अजून वाजला नव्हता.