हकीमसाहेबांचे गाळलेले अक्षर

गावोगाव फिरून जमिनी तपासणाऱ्या गिर्दावराच्या जागेसाठी मैलभर धावून दाखवावे लागेल, असा नव्या साहेबांचा हुकूम निघाला आणि आबिड्सच्या कचेरीतले कारकून एकनाथराव त्याच संध्याकाळी धावू लागले. हैदराबादेत पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षे झाली होती. दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी वहीत उतरवण्यात त्यांची बारा वर्षे गेली होती. आता त्यांना स्वतः शेतात उभे राहायचे होते. दोनशे पावलांवरच त्यांना धाप लागली.

"अहो, हा दमा आहे," बायको भामा घाबरली. "आमच्या काकांना असंच व्हायचं."

"दमा नव्हे, बारा वर्षांचं बसणं आहे!"

कचेरीला मात्र दाखला हवा होता. दोन मैलांवरच्या बरकतपुऱ्यातल्या हकीमसाहेबांनी त्यांना तीनदा जिना चढवला, छातीला कान लावला.

"सीटी नहीं, खाँसी नहीं, साँस भी झट बैठ गयी. दमा-वमा कुछ नहीं, मियाँ. रोज दौड़ो."

एकनाथराव महिनाभर रोज पहाटे धावले. परीक्षेच्या दिवशी हेडक्लार्क लक्ष्मणरावांनी तो उर्दू दाखला मद्रासकडच्या, उर्दू न येणाऱ्या नव्या साहेबांना वाचून दाखवला.

"दम नहीं. म्हणजे, अंगात दम नाही."

"अहो, 'दमा नहीं' असेल!" एकनाथराव म्हणाले.

"असेल. पण शेवटचं अक्षर कुठंय? लिहिलंय ते वाचलं मी."

साडेअकरा वाजले होते. एक वाजता यादी वर जाणार होती. टांगा दिसेना, तसे एकनाथराव धावतच सुटले.

"जल्दी में एक हर्फ रह गया," म्हणत हकीमसाहेबांनी अक्षर जोडले.

पाऊण वाजता एकनाथराव साहेबांपुढे उभे राहिले. धोतराचा काचा सुटलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"साहेब," लक्ष्मणराव म्हणाले, "कागद म्हणतो दमा नाही. माणूस म्हणतो आहे."

"कशाने गेला होता?" साहेबांनी विचारले.

एकनाथरावांनी पायांकडे बोट दाखवले. साहेबांनी भिंतीवरचा शहराचा नकाशा बघितला, मग घड्याळ. तोवर एकनाथरावांचा श्वास खाली बसला होता.

"मैलाची परीक्षा राहू द्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी भामाने विचारले, "नेमणूक कुठं?"

"डोंगरातल्या गावांवर. जीप जात नाही, बैलगाडीही नाही. साहेब म्हणाले, तिथं असाच माणूस हवा होता."

"आणि चढणीवर धाप लागली म्हणजे?"

"लागू दे. बसेन, उठेन, पुढं जाईन."

भामाने पदर खोचला.

"मग उद्या पहाटे मलाही उठवा. माझ्यासाठी तिथं पालखी थोडीच येणार आहे?"